शाल, श्रीफळ आणि सायटेशन

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या सायंकाळी पद्म सन्मानांची यादी जाहीर झाली, की कराड आणि आसपासच्या तालमींतून एक जुनी तक्रार नव्याने ऐकू येते : गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे काय ? १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात लाभलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या लिअँडर पेस यांना खेलरत्न मिळाला, पुढे २००१ मध्ये पद्मश्री आणि २०१४ मध्ये पद्मभूषण. त्याबद्दल कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु पद्म सन्मान १९५४ पासून आणि अर्जुन पुरस्कार १९६१ पासून अस्तित्वात असताना, १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघाती मृत्यू येईपर्यंत खाशाबांच्या वाट्याला त्यांतला एकही आला नाही. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर, २००० सालचा म्हणून.

'सरकारी अनास्था' या दोन शब्दांत या प्रकरणाची वासलात लावण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. लोकांनी खाशाबांची उपेक्षा केली नव्हती. हेलसिंकीच्या खर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. पदक घेऊन पैलवान परतले तेव्हा कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गौरव कसा करावयाचा, हे त्या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही. उणा पडला तो दुसऱ्या जातीचा गौरव : कागदावरचा, प्रस्तावाच्या वाटेने वर जाणारा आणि इंग्रजी शब्दांत बोलणारा. या गौरवाला स्वतःची एक भाषा आहे. ती ज्याला अवगत आहे त्याची फाइल हलते; ज्याला नाही त्याच्या नावाची फाइलच उघडत नाही. सातारा-सांगलीच्या मातीत कर्तृत्वाला कधी तोटा नव्हता. म्हणूनच या भाषेचा विचार येथील शिक्षकांनी आणि कारकुनांनी करावयास हवा, कारण प्रस्ताव शेवटी त्यांच्याच हातून लिहिले जातात.

पद्म सन्मानांची नावे संस्कृत आहेत. त्यांचा अर्थ ठरविणारी वाक्ये मात्र इंग्रजीत घडलेली आहेत. पद्मश्री 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस'साठी, पद्मभूषण 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑफ हाय ऑर्डर'साठी आणि पद्मविभूषण 'एक्सेप्शनल अँड डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस'साठी दिले जाते. सेवा हा शब्द तिन्हीकडे एकच. सारा फरक विशेषणांचा. १९५४ साली हे सन्मान सुरू झाले तेव्हा त्यांना पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग अशी आगगाडीच्या डब्यांसारखीच नावे होती. पुढल्या वर्षी ती बदलून आजची नावे आली. नावे बदलली, वर्ग राहिले. शौर्यपदकांचेही तेच. १९५२ साली स्थापन झालेल्या अशोकचक्राचे तीन वर्ग होते आणि १९६७ साली त्यांना अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र अशी नावे मिळाली.

या उतरंडीचा अर्थ साताऱ्याला दोन घरच्या उदाहरणांवरून कळण्यासारखा आहे. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. २००८ च्या नोव्हेंबरातील त्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी पकडून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. २०१६ साली त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. अशोकचक्राच्या व्याख्येत 'मोस्ट कॉन्स्पिक्युअस ब्रेव्हरी' असे शब्द आहेत, कीर्तिचक्राच्या व्याख्येत 'कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री' आणि शौर्यचक्राच्या व्याख्येत नुसती 'गॅलंट्री'. 'मोस्ट' गळाला की एक पायरी खाली. 'कॉन्स्पिक्युअस' गळाला की आणखी एक. केडंब्यात आणि पोगरवाडीत असली मोजपट्टी कोणी लावत नाही. दोन्ही नावांपुढे मस्तक सारखेच लवते. ही उतरंड निंद्य आहे, असे मात्र समजू नये. लष्करात आणि पोलिसांत प्रत्येक विशेषणामागे प्रत्यक्षदर्शींचे जबाब असतात, वरिष्ठांची शिफारस असते, छाननी असते. शब्दाला पुराव्याचे वजन असते, म्हणूनच एकेका विशेषणावरून पदक बदलू शकते.

कचेरीत काम करणाऱ्यांना या भाषेचा दुसरा आणि अधिक बोचरा अनुभव आहे. गोपनीय अहवालात 'आउटस्टँडिंग', 'व्हेरी गुड', 'गुड' अशा प्रती असतात. 'गुड' म्हणजे चांगला, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. परंतु पदोन्नतीसाठी किमान प्रत 'व्हेरी गुड' ठरलेली असेल, तर 'गुड' हा शेरा कर्मचाऱ्याची वाट कायमची अडवू शकतो. सीमा रस्ते संघटनेतील देव दत्त या अभियंत्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. प्रतिकूल शेराच तेवढा कळविण्याची पद्धत असल्याने 'गुड' त्यांना कोणी कळविला नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निर्णय दिला, की अशा परिस्थितीत 'गुड' हा शेराही परिणामाने प्रतिकूलच ठरतो आणि प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे. स्तुतीचा शब्द निंदेचे काम करू शकतो, याला न्यायालयाचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

शब्दांच्या मुळाशी गेले तर आणखी काही गोष्टी उमगतात. 'अ‍ॅवॉर्ड' हा शब्द आज शाळेच्या स्नेहसंमेलनापासून साखर कारखान्याच्या सभेपर्यंत सर्वत्र ऐकू येतो आणि त्याचा अर्थ पुरस्कार असा केला जातो. कोयनेच्या खोऱ्यातील जुन्या माणसांना मात्र हा शब्द निराळ्या रीतीने ठाऊक आहे. धरणाखाली जमीन गेली त्यांच्या हाती भूसंपादनाचा 'अ‍ॅवॉर्ड' पडला, म्हणजे मोबदल्याचा निवाडा. कृष्णेच्या पाण्याचे तीन राज्यांत वाटप करणारा बच्छावत लवादाचा निर्णय, तोही 'अ‍ॅवॉर्ड'च. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ पाहणी करून, दोन्ही बाजू ऐकून दिलेला निर्णय असा आहे. बक्षीस हा अर्थ त्यातूनच पुढे आला : ज्याने तपासून ठरविले त्याने दिलेले ते बक्षीस. ज्या 'अ‍ॅवॉर्ड'मागे कोणी काही तपासलेलेच नसते, तो इंग्रजीच्या हिशेबानेही 'अ‍ॅवॉर्ड' नव्हे. मराठीतला पुरस्कार हा शब्द वेगळ्या घरचा आहे. पुरस्कार म्हणजे पुढे करणे. अजूनही आपण एखाद्या मताचा पुरस्कार करतो. गौरव हा गुरू या शब्दापासून आला, म्हणून त्यात वजन आहे. सत्कार हा मुळात अतिथीचा. घरी आलेल्याला पाट-पाणी देणे हा सत्कार. मराठीत पुढे करणे, वजन मानणे आणि आदराने बसविणे अशा तीन क्रियांना तीन वेगळे शब्द होते. आज निमंत्रणपत्रिकांवर तिन्हींची सरमिसळ झाली आहे आणि त्या सरमिसळीवर 'फेलिसिटेशन' हे एकच इंग्रजी झाकण बसले आहे.

या 'फेलिसिटेशन'ची हकीगत मोठी मौजेची आहे. हा शब्द इंग्लंडात आता फारसा कोणी उच्चारत नाही. उच्चारलाच तर अभिनंदन एवढाच त्याचा अर्थ. भर सभेत कोणाला उभे करून त्याच्या खांद्यावर शाल घालणे व हाती नारळ देणे या विधीला इंग्रजीत शब्द नव्हता, कारण विधीच नव्हता. तो शब्द भारतीयांनी घडविला. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या रीतीसाठी परक्या भाषेतला एक अडगळीचा शब्द उचलून त्याला कामाला लावणे हे जिवंत माणसांचेच लक्षण आहे.

तशी या दोन जिल्ह्यांना इंग्रजी बिरुदे वाकवून घेण्याची जुनी सवय आहे. १९४३ ते १९४६ या काळात, सांगली जिल्हा साताऱ्यापासून वेगळा होण्याआधी, येथे प्रतिसरकार चालले. त्याच्या तुफान सेनेत कुंडलचे जी. डी. बापू लाड हे 'फील्ड मार्शल' होते आणि रामचंद्र लाड हे 'कॅप्टन भाऊ'. ज्यांच्याविरुद्ध लढावयाचे त्यांच्याच फौजेतील हुद्दे या तरुणांनी घेतले, आणि ते मिरविण्याची किंमत तुरुंग किंवा गोळी अशी होती. त्या 'कॅप्टन'शेजारी 'भाऊ' लागला तेव्हा तो शब्द इंग्रजी उरला नाही. सरकारी गौरवाची गाडी त्या वेळी रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर अशा स्टेशनांवरून जात असे आणि तिचे तिकीट कशाने मिळते, हे सर्वांना माहीत होते. येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली. त्यांची 'क्रांतिसिंह' ही पदवी कोणत्याही राजपत्रात छापली गेली नाही. मूळच्या कटगुणच्या घराण्यातील जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी १८८८ साली मुंबईत मांडवीच्या सभेत लोकांनी दिली. भाऊराव पाटलांना भारत सरकारने १९५९ साली पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी सन्मान्य डी.लिट. दिली. परंतु रयत शिक्षण संस्थेच्या एखाद्या शाळेत जाऊन 'पद्मभूषण डॉ. पाटील' असे म्हटले, तर कोणाविषयी बोलणे चालले आहे हे शिपायालाही कळावयाचे नाही. कर्मवीर म्हणावे लागते. त्याच साताऱ्यातील उद्योगपती धनजीशा कूपर हे 'सर' होते आणि १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. त्यांची ती पदवी आता इतिहासाच्या पुस्तकांपुरती उरली आहे. बादशहाने गुडघे टेकवून द्यावयाची 'सर' ही पदवी आज पहिलीतला मुलगा आपल्या मास्तरांना रोज फुकट देतो, आणि ती अधिक टिकाऊ ठरण्याचा संभव आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. लष्करी व विद्याविषयक बहुमान तेवढे शिल्लक ठेवले. साहजिकच पद्म सन्मान हे किताब आहेत की नाहीत, असा वाद निघाला. आचार्य कृपलानींनी १९६९ साली लोकसभेत ते बंद करण्यासाठी विधेयक आणले. १९७७ साली जनता सरकारने ते बंदही केले आणि १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. अखेर डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत. मात्र कोणी ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडता कामा नये. या निर्णयाला तीस वर्षे होऊन गेली. तरीही निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याला 'पद्मश्री' नावाआधी टाकल्याखेरीज चैन पडत नाही आणि मराठी वृत्तपत्रे 'पद्मश्री किताब' असे सर्रास लिहीत आली आहेत. न्यायालयाने जे नाही म्हणून सांगितले, तेच एका शब्दात पुन्हा सांगण्याची ही रीत सोडून देण्यास हरकत नाही.

घटनेने विद्याविषयक बहुमानांना मोकळीक दिली, तेथूनच आजच्या गैरप्रकारांनी वाट काढली आहे. 'ऑनररी' म्हणजे परीक्षा न घेता केवळ सन्मानार्थ दिलेली. अशी पदवीसुद्धा देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील २२ व्या कलमाने स्पष्ट केले आहे : कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. बाकी कोणालाही नाही. तरीही कुठल्याशा परिषदेचे वा अकादमीचे इंग्रजी नाव, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आणि 'नोंदणी शुल्क' एवढ्यावर 'डॉक्टर' झालेली माणसे गावोगाव भेटतात. काल नगरपालिकेच्या निवडणुकीत पडलेला गृहस्थ आज फलकावर 'डॉ.' म्हणून झळकतो आणि त्याच्या सत्काराला जन्मभर एका विषयाचा अभ्यास केलेले प्राध्यापक खुर्ची धरून बसतात. 'एक्सलन्स', 'आयकॉन', 'लीजंड', 'लाइफटाइम अचीव्हमेंट' हे शब्द याच बाजारातले. चाळिशीतल्या माणसाला 'लाइफटाइम' देताना त्याचे आयुष्य संपले असे आपण सुचवितो, हेही कोणाच्या ध्यानी येत नाही. हाच प्रकार मराठीत केला असता तर निदान हसू आले असते. कोणी पैसे घेऊन 'कर्मवीर' वाटू लागला, तर साताऱ्यात त्याला जाब विचारणारे भेटतील. 'ग्लोबल एक्सलन्स अ‍ॅवॉर्ड'ला जाब विचारणारा कोण ? त्या शब्दांचा येथे कोणी धनी नाही, म्हणून ते कोणीही विकू शकतो.

चांगली परंपराही याच जिल्ह्यांत आहे, हे सांगितले पाहिजे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा प्रारंभ केला. त्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समिती दरवर्षी भावे गौरवपदक देते. ते कोण देते, कोणत्या दिवशी देते, कशाबद्दल देते, हे नावातच आहे. त्याचा मान राखण्यासाठी एकाही इंग्रजी विशेषणाची गरज कधी पडलेली नाही.

तरीही सरकारी गौरवाचा मार्ग टाळता येत नाही, कारण त्याच्याशी माणसाचे हक्क, मानधन आणि इतिहासातील नोंद जोडलेली असते. पद्म सन्मानांसाठी आज कोणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो, स्वतःची सुद्धा. त्यासाठी ८०० शब्दांपर्यंतचे 'सायटेशन' म्हणजे कार्याचे निवेदन लागते आणि ते 'डिस्टिंग्विश्ड' ठरेल असे लिहावे लागते. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठीही २०१८ पासून शिक्षकांनी स्वतःच अर्ज करावयाचा असतो. सज्जनगडच्या समर्थांनी मूर्खलक्षणांत आत्मस्तुतीला मानाची जागा दिली आहे. त्यांच्या जिल्ह्यातील शिक्षकाला ती आता फोटो, चित्रफिती आणि कागदपत्रे जोडून करावी लागते. परिणाम उघड आहे. ज्याने वाडीवस्तीवरची शाळा एकहाती उभी केली तो अर्जाच्या तिसऱ्या रकान्यातच अडखळतो. 'इनोव्हेटिव्ह', 'होलिस्टिक', 'इम्पॅक्ट' हे शब्द ज्याला वेळेवर सुचतात तो पुढे जातो. राज्याच्या शिक्षक पुरस्काराला नायगावच्या सावित्रीबाईंचे नाव आहे. त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जात होता त्या दिवसांत असा अर्ज मागितला असता, तर त्यांनी काय जोडले असते ?

असे प्रस्ताव लिहिणाऱ्याने करावयाचे काम फारसे अवघड नाही. विशेषणे कमी आणि तारखा जास्त, एवढे केले तरी बरेच साधते. 'नोटेबल काँट्रिब्यूशन' असे लिहिण्यापेक्षा किती मुली दहावीपर्यंत पोचल्या, कोणत्या साली, शाळेला तेव्हा छप्पर होते की नव्हते, हे लिहावे. निवड समितीतील माणूस कितीही इंग्रजाळलेला असला तरी आकडा त्याला वाचता येतो. आणि हे निवेदन माणूस हयात असताना लिहावे. प्राचार्यांनी, सरपंचांनी, तालमीच्या वस्तादांनी ते दुसऱ्यासाठी लिहावे, म्हणजे अर्जदारावर आत्मस्तुतीची पाळी येणार नाही.

खाशाबांसाठी त्या काळी असे काही कोणी लिहिले असेल, तर त्याचे फळ दिसले नाही. ते १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० साली त्यांचे नाव दिले गेले. महाराष्ट्र शासनाने त्यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला. पद्म सन्मानांच्या नियमांत मात्र मरणोत्तर गौरवाला सामान्यतः वाव नाही. अत्यंत योग्य व्यक्तीच्या बाबतीत अपवाद करावयाचा तर निधन प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या साधारण एका वर्षातले असावे, असे त्यांत म्हटले आहे. त्या हिशेबाने खाशाबांसाठी प्रस्ताव जाण्याची शेवटची संधी २६ जानेवारी १९८५ ही होती.